अर्धी राहिलेली मैफल

वर्ग सुटला कीं मुलें पांगावयाचींच, हें शिक्षकाला नवें नाहीं. परंतु पांगलेले सोबती अपुरें काम पुरें करण्यास परत जमतात, तेव्हां त्याचें मन भरून येतें.

१९८९ सालीं फिलिपाइन्स विद्यापीठांत ‘इरेझरहेड्स’ हा चौघां तरुणांचा रॉक संगीताचा मेळा जमला. १९९३ सालीं त्यांच्या गीतांचा पहिला संग्रह निघाला. विद्यार्थ्यांचें रोजचें जीवन त्यांनीं रोजच्या बोलीच्या तागालोग भाषेंत गाइलें, म्हणूनच तें घरोघर पोहोंचलें. १९९४ च्या ‘मिन्सान’ या गीतांत वसतिगृहांतील मित्रांची ताटातूट आहे. २००२ सालीं तीच त्यांच्याही वांट्यास आली.

२००८ च्या ऑगस्टांत चौघे मनिला येथें पुनः एकत्र गाइले. मुख्य गायक एली बुएन्दिया यांस नुकताच मातृवियोग झाला होता. पूर्वार्ध संपतांच त्यांना रुग्णालयांत न्यावें लागलें आणि मैफल अर्धीच राहिली. ७ मार्च २००९ रोजीं चौघांनीं पुनः जमून श्रोत्यांचें तें देणें फेडलें.

मतभेद कोणांत होत नाहींत? परंतु हातीं घेतलेलें गाणें पुरें करावें, एवढा धडा आपल्या मुलांस त्यांच्यापासून अवश्य घेतां येईल.