अंबाडी आहे ती, गांजा नव्हे!

आजचा भाग कासूचा. मेमूने रोह्याकडे निघालात की पेणनंतर लागतं ते आमचं स्टेशन.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो पडला. बोटं फाकल्यासारखं हिरवंगार पान आणि खाली प्रश्न, ‘ओळखा, कुणाच्या परसात काय पिकतंय?’ परस माझ्या आत्याचं होतं. फोटो लगेच पुढे फिरला. संध्याकाळी आत्याचा फोन. "अरे, पोरं कुंपणातून वाकून बघतायत. उपटून टाकू का सगळं?"

म्हटलं, "आत्या, हात लावू नकोस. अंबाडी आहे ती!"

आता हे हसण्यावारी नेऊ नका. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाची लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुंडीत एकच झाड लावलं तरी ती लागवडच. मग असा आळ एका म्हाताऱ्या बाईवर गमतीत टाकायचा?

घोटाळा तसा जुनाच आहे. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. त्यातल्या ‘कॅनाबिनस’चा अर्थच गांजासारखं. पण फरक सोपा आहे. गांजाची पानं वेगवेगळी असतात आणि एका देठाच्या टोकाला जुळतात. अंबाडीचं पान एकच, फक्त खोलवर कातरलेलं. खालची पानं तर बऱ्याचदा अख्खी, बदामी आकाराची. फूल जास्वंदीच्या कुळातलं, फिकट पिवळं, मध्ये गडद लाल. आणि पान चावलं की आंबट!

आता खरा प्रश्न. पारा चाळिशीकडे सरकतो, आजूबाजूचं सगळं करपतं, तेव्हा आत्याची अंबाडी हिरवी कशी?

एक, ती बी रात्रभर भिजवते आणि संध्याकाळी पेरते, म्हणजे कोवळ्या कोंबाला पहिल्याच दिवशी दुपार झेलावी लागत नाही. दोन, वाफ्यावर भाताचा पेंढा पसरते. कोंब वर आले की पेंढा बाजूला सारून ओळींच्या मध्ये ठेवते. माती तापत नाही, ओल टिकते. तीन, पाणी पहाटे, आणि मुळापर्यंत जाईल असं. दुपारी पान माना टाकतं, तेव्हा लगेच बादली उचलत नाही. आधी मातीत बोट घालते. आत ओल असेल तर संध्याकाळी झाड आपोआप उभं राहतं. रोज चिखल केला की मुळं कुजतात. उन्हाळ्यात कुंडीतली झाडं तहानेने मरतात तशीच आपल्या काळजीनेही मरतात, बरं का!

तुमच्याकडे गच्ची असेल तर कुंडी तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका. खाली दोन विटा द्या, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

आणखी एक गंमत. अंबाडीला फुलायला लहान दिवस लागतात. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास जातो, म्हणून उन्हाळ्यात ती फुलाच्या मागे न लागता पानंच काढते. आपल्याला हवं तेच! महिनाभराने शेंडे खुडा, बाजूने नवे फुटवे येतात. भाजीत तांदळाच्या कण्या, तूरडाळ आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. सोबत तांदळाची भाकरी. बस्स.

आता त्या फोटोचं काय झालं? टाकणारा माझाच चुलतभाऊ. त्याने तो सगळीकडून काढला आणि स्वतः आत्याकडे गेला. आत्या ओरडली नाही. त्याच्या हातात टोपली दिली नि म्हणाली, "खुड आता. ओळख पटेल."

तेव्हा मंडळी, फॉरवर्ड करायच्या आधी एकदा पान नीट बघा. भेटू पुढच्या भागात!