ऑपरेशननंतरचं आयोडीन: किती आणि कुठून?

कावासाकीहून बोलतोय. आजचा विषय घरातलाच.

चार वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या हिचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, अर्धी ग्रंथी काढली. गलगंड परत येऊ नये म्हणून काय करायचं, असं विचारलं तर सर्जन म्हणाले, "टीएसएच बघत राहा. तो वाढला की उरलेला भाग फुगू लागतो." गोळी लागली नाही. सासूबाईंनी मात्र जपानच्या सामानात आयोडीनच्या मिठाच्या चार पिशव्या भरल्या.

इथे एकांनी सांगितलं, थायरॉईडला कोंबू उत्तम. ही रोज रात्री कोंबू भिजवून सकाळी ते पाणी प्यायला लागली. तीन महिन्यांनी टीएसएच 2 वरून 9 वर! डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कोंबू किती खाता?"

घरी येऊन मी एक्सेल उघडलं, सवयच ती. मोठ्या माणसाची दिवसाची गरज 150 मायक्रोग्रॅम. वाळलेल्या एक ग्रॅम कोंबूत साधारण 2000. म्हणजे तेरा दिवसांचं आयोडीन एका ग्रॅममध्ये, आणि ते पाण्यात उतरतं. जास्त आयोडीननेही ग्रंथीचं काम मंदावतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. कोंबू बंद केला, दोन महिन्यांत टीएसएच जागेवर आला. ओनिगिरीवरच्या नोरीत आयोडीन त्या मानाने फारच कमी, तिला घाबरू नका.

पण उलटंही होऊ शकतं. इथल्या दुकानातल्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं. जपानी लोकांना ते समुद्रातून मिळतं. मासे नाहीत, शेवाळ नाही, दूध-अंडी बेताची आणि स्वयंपाक इथल्या मिठात, अशा आपल्या शाकाहारी घरात ते कमी पडू शकतं. तेव्हा सासूबाईंच्या पिशव्या वाया गेल्या नाहीत. आमटीला तेच मीठ.

घसा दुखला की इथे तपकिरी औषधाने गुळण्या करतात. बऱ्याचदा त्यातही आयोडीन असतं, रोज करण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी घ्या. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. भारतातून येताना डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महिन्याभराचंच परवानगीशिवाय आणता येतं, सहा महिन्यांचा साठा बॅगेत टाकू नका. ऑपरेशनचे कागद आणि गाठीचा तपासणी-रिपोर्ट मात्र हमखास आणा. इथे थायरॉईडला 'कोजोसेन' म्हणतात, खिडकीवर एवढा शब्द सांगितला तरी पुरतो.

हिची पुढची सोनोग्राफी नोव्हेंबरात आहे.