राणी हिराई कुणी पाहिली?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "घरगुती विषयावर बोला," तेव्हा आंब्याच्या लोणच्यावर बोलावे असा माझा विचार होता. परंतु गेले दोन महिने एक गोष्ट मनात सलते आहे, तीच आज आपणापुढे ठेवते. गोष्ट आहे नाटकातल्या रूपाची.

झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय, हे मी आपणांस सांगायला नको. दिवाळी झाली, मंडई भरली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. वडशाच्या कंपन्यांच्या जाहिरातींवर नायक-नायिकेचे मोठमोठे फोटो असतात, सारे गोरेपान. ते पाहून आपण तिकीट काढतो. पण सकाळी नळावर कोणाचे बोलणे निघते? नायकाचे निघालेले मी तरी ऐकले नाही. ज्याने हसवता हसवता शेवटी डोळ्याला पदर लावायला लावला, त्याचेच निघते. गडचिरोली जिल्ह्यातले श्री. परशुराम खुणे यांनी 800 च्या आसपास भूमिका करीत नाटकांचे 5,000 हून अधिक प्रयोग केले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती त्यांच्या कामाला मिळाली. जाहिरातीवर फोटो किती मोठा होता, हे कोणी विचारले नाही.

सिनेमातही असेच आहे. 'अलबेला' 1951 सालचा. त्यातले भगवानदादा बुटके, अंगाने जाड, आणि तेच नायक. लोक त्यांच्यासारखे नाचू लागले, ते अजून वरातीत नाचतात. दादा कोंडके 'सोंगाड्या'त 1971 साली ढगळ अर्धी चड्डी घालून आले, तरी थिएटरे भरली. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या आपल्या गल्लीतल्या कोणत्याही पोरासारखा काळासावळा. त्यांच्याच 'झुंड'मध्ये, तो 2022 सालचा, नागपूरच्या वस्तीतली पोरे आहेत. तो पाहून आल्यावर माझा मुलगा दोन दिवस छाती काढून चालत होता.

आता यात बायका कुठे आहेत ते पाहा. भगवानदादांसमोर गीता बाली. दादा कोंडक्यांसमोर उषा चव्हाण. जब्याला आवडते ती शालूही गोरी. त्या कथेला तशीच मुलगी हवी होती, हे मला समजते; पोराचे दुःखच त्यात आहे. पण पुरुष दिसायला कसाही असो, त्याची करामत पाहतात. बाईचे तोंड आधी पाहतात. स्मिता पाटील सावळी होती, 'जैत रे जैत'मध्ये ती ठाकर बाई झाली. पण तिचे नाव निघाले की "सावळी असली तरी देखणी हो!" असे आपणच लगेच म्हणतो. त्या 'तरी'शिवाय आपल्याला पुढे बोलताच येत नाही.

आता मुख्य गोष्टीवर येते. मंडळाने यंदा राणी हिराईवर छोटे नाटक बसविले. चांद्याची ही गोंड राणी. नवरा बिरशहा मारला गेल्यावर तिने दत्तक रामशहाच्या नावाने राज्य सांभाळले आणि नवऱ्याची समाधी बांधली. ती अचलेश्वराजवळ आजही उभी आहे, आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिली असेल. तीनशे वर्षांमागची ही बाई. तिचा रंग कोणी पाहिला? नाक कोणी पाहिले?

तरी पात्रे ठरविताना पाच मिनिटांत निकाल लागला. आपल्यातल्या एक गोंड भगिनी, नाव घेत नाही, त्या इथेच बसल्या आहेत. त्यांना सारे नाटक तोंडपाठ होते, अगदी दिवाणाचेसुद्धा. आवाज असा की मागच्या सतरंजीपर्यंत जावा. त्यांना दासी दिली, आणि राणी दिली उजळ रंगाच्या भगिनीला. त्या भगिनीचा काही दोष नाही, त्यांनी मनापासून काम केले. कोणी म्हणाले, "राणी कशी राणीसारखी दिसायला पाहिजे." सर्वांनी हात वर केले. मीही केला. गोंडांची राणी गोंडासारखी दिसायला नको, असे आपण त्या दिवशी ठरविले, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितले. माझी मुलगी माझ्यासारखीच काळी आहे. ती भाकर मोडता मोडता म्हणाली, "आई, मग मलापण दासीच देशील का वं?" मला उत्तर सुचले नाही. 'फेअर अँड लव्हली' क्रीमने 2020 साली नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले म्हणे, पण ट्यूब आमच्या फळीवर आहेच. ती मीच आणून ठेवली, हे लपवत नाही.

त्याच रात्री मुलगा मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळत होता. त्यात आपल्या मनाचा माणूस निवडता येतो. त्याने निवडला तो गोरा, रुंद छातीचा, सोनेरी केसांचा. मी म्हटले, "अरे, तुझ्यासारखा एखादा घे की." तो मान वर न करता म्हणाला, "माझ्यासारखा याच्यात नाही ना." पुढच्या क्षणी तो सोनेरी केसांचा मेला आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

ते खेळ करणारे कुठले, कोण, मला ठाऊक नाही. त्यांना मी काय सांगणार? पण आपल्या नाटकातली पात्रे तर आपणच ठरवितो, याच सतरंजीवर बसून. यापुढे पात्रे ठरविताना प्रत्येकीला पडद्याआडून चार वाक्ये म्हणायला लावावी आणि ऐकून निवड करावी, अशी माझी सूचना आहे. अध्यक्षाबाईंनी ती टिपून घ्यावी.

आणि पुढील वर्षी हेच नाटक पुन्हा करायचे ठरले, तर हिराईच्या कामासाठी त्या भगिनीचे नाव मी आताच सुचविते. कोणी अनुमोदन देईल काय?