आपल्या नावावर दुसऱ्याचं कर्ज नको

सौंसर असो की पांढुर्णा, पीककर्ज, सिमकार्ड, अनुदान, प्रत्येक कामाला आधारची झेरॉक्स लागते. ती भलत्याच हाती पडली, तर आपल्या नावावर परस्पर कर्ज निघू शकतं. म्हणून झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहा. जमेल तिथे शेवटचे 4 अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून बोटांचे ठसे लॉक करा. अंगठा लावायचा असेल तेव्हाच उघडा. आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसह चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. त्यात अनोळखी कर्ज दिसलं, तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लगेच तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. खात्यातून पैसेच गेले, तर घाबरून थांबू नका, ताबडतोब 1930 हा सायबर हेल्पलाइन क्रमांक फिरवा.