बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत



ठाण्याच्या घोडबंदर रोडवर वाचा-श्रवणाचं शिक्षण घेतलेल्या तुम्हा विद्यार्थ्यांना आवाज काय असतो ते मी वेगळं सांगायला नको. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा तुम्हाला पाठ आहे. कंटेनर आणि मेट्रोचं काम ती कशी मोडतात, हेही तुम्ही मोजलं आहे. आज बोलायचंय ते ज्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही, त्या मुलांबद्दल.

त्याआधी थोडं आपल्या विद्येच्या घराण्याविषयी. साठच्या दशकात मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात, टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजमध्ये, वाचा-श्रवणाचं शिक्षण सुरू झालं. १९६५ मध्ये म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था उभी राहिली. म्हैसूरमागे केंद्र सरकार होतं. नायर महापालिकेचं, गिरणगावाला लागून. गिरणीच्या साचाखात्यात कान गेलेला कामगार, पक्षाघातानंतर वाचा गेलेली बाई, तीन वर्षांचं होऊनही न बोलणारं मूल, असे पेशंट ज्या ओपीडीत येतात तिथे ही विद्या शिकवली जाऊ लागली. पुस्तकं परदेशी, पेशंट मराठी. त्या पुस्तकांतल्या उच्चारचाचण्यांत ‘ळ’ कुठून असणार? मराठी शब्दयाद्या इथल्याच लोकांना रचाव्या लागल्या. १९८३ मध्ये वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आली, १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. या विद्येचा पाया मात्र पेशंटच्या भाषेत बसून केलेल्या त्या कामाने घातला, असं मी मानतो.

आता मुद्द्याचं. बाळाच्या श्रवणाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्याच्या आत, उपचार सहाव्याच्या आत. ओएई या श्रवणचाचणीला काही मिनिटं लागतात, बाळ झोपलेलं असलं की झालं. तरीही कितीतरी मुलं आपल्याकडे येतात ती दोन-अडीच वर्षांची होऊन. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ असं आजी म्हणते आणि घर वाट पाहत राहतं. आजीवर रागावू नका, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

कानाला मशीन लावून दिलं की आपलं काम संपलं, असंही समजू नका. आईला शेजारी बसवा. तोंडापुढे कागद धरून तिला आ, ई, ऊ, म, श, स म्हणायला सांगा. आवाज आला की मूल डब्यात ठोकळा टाकतं. ‘स’ला हात तसाच राहिला तर वरच्या पट्टीतले आवाज पोचत नाहीयेत, मशीनचा कानातला मोल्ड बघा, सेटिंग बघा. हे त्या माउलीला रोज सकाळी घरी करता आलं पाहिजे.

तुमच्यातले बरेच जण इथल्याच, मानपाडा-पातलीपाड्याच्या क्लिनिकांत रुजू व्हाल. जरूर व्हा, घरच्यांनी कर्ज काढून शिकवलं आहे. पण एका तपासणीसाठी मुरबाड-शहापूरच्या आईबापांची दिवसाची मजुरी बुडते. आठवड्यातला एक दिवस तिथल्या सरकारी रुग्णालयाला द्या. प्रसूती वॉर्डच्या सिस्टरशी ओळख करून घ्या. आणि पहिली बैठक गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंबरोबर घ्या, कारण कुठल्या घरातलं मूल हाकेला वळत नाही, ते त्यांना ठाऊक असतं.