खदानीचं पाणी आणि औषधाला न जुमानणारे जंतू



आम्ही शहापूर-मुरबाडकडची माणसं. आमचं पीक भात, नाचणी, वरई. तुम्ही कापूस-ज्वारीवाले. तरी आज जे सांगायचं आहे, ते तुम्हाला चटकन कळेल.

तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. आणि चैत्र-वैशाखात आमच्याच पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. टँकर नाही आला, तर दगड काढून उघडी टाकलेली खदान आहेच. पावसाचं पाणी तिच्यात साचतं. तिथंच गुरं, तिथंच धुणं, आणि शेवटी तिथंच हंडा. पाणी दिसायला नितळ. धोका दिसत नाही.

तुमच्या बोंडअळीचंच बघा. बीटी कापूस २००२ साली आला. २०१० मध्ये गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे जाहीर झालं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात दोन जनुकांच्या बीटीचीही बोंडं किडकी निघाली. अळी काही शहाणी झाली नव्हती. लाखांत एखादी मुळातच तगणारी होती. बाकीच्या मेल्या, तिला रान मोकळं झालं, तिचीच पिलावळ वाढली.

जंतूंचं तसंच. पण अळी आपला गुण फक्त पिलांना देते. जंतू शेजारच्या परक्या जंतूलाही देतो. माणसांची आणि गुरांची घाण वाहून साचलेल्या पाण्यात येते. तिच्यात औषधातून वाचलेले जंतू असतात, औषधाचा अंशही असतो. तिथं ही देवाणघेवाण चालते. धातूच्या खाणीत आणखी एक भर पडते. तांबं, जस्त बाहेर फेकण्याची जंतूची सोय आणि औषधाला तोंड देण्याची सोय पुष्कळदा एकत्रच असते. मग औषध नसतानाही तसलेच जंतू टिकतात.

हे औषध पाण्यात कोण सोडतं? आपणच. सर्दीला गोळी, बरं वाटलं की अर्ध्यावर बंद. म्हशीला दगडी झाली की विचारल्याशिवाय सडात नळी. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन जायचं. सरकारनं २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. कपाशीच्या करप्यावर आपण स्ट्रेप्टोमायसीन फवारलं. तेही थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्रानं २०२१ मध्ये काढला. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ सालीच बजावलं होतं, अपुरा डोस जंतूला तयार करतो.

मग करायचं काय? पाणी खळखळून उकळा. औषधाला न जुमानणारा जंतूही उकळीत मरतो. पोराला हगवण लागली तर आधी जलसंजीवनी. शौचात रक्त पडलं, ताप चढला किंवा पोर मलूल झालं, तर तडक दवाखाना. पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको, आणि दिली तर सांगितली तेवढी पुरी घ्या. मेलेलं जनावर खदानीत टाकू नका.

आणि मागणी एकच नाही, तीन आहेत. सोडलेल्या खदानीला कुंपण घाला. तिथल्या पाण्यातले जंतू कोणत्या औषधाला दाद देतात, तेही तपासा. आणि पाड्यावर नळ द्या. ज्या तालुक्याचं पाणी मुंबई पिते, तिथल्या बाईला खदानीत हंडा बुडवावा लागू नये.

उद्या औषध लागू पडलं नाही, तर पोर जातं आपलं. एवढं बोलून आम्ही थांबतो.