जागल्या आणि श्रावकधर्म

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)

पेढी असो वा कंपनी, तिचा पाया विश्वासावर उभा असतो. तेथे खोटे हिशेब लिहिले जाऊ लागले की ते सर्वांच्या आधी कळते मुनिमाला, लेखापालाला किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला. अशा वेळी त्याने खाल्ल्या मिठाला जागून मौन पाळावे, की वाचा फोडावी? वाचा फोडणाऱ्याला मराठीत ‘जागल्या’ हा समर्पक शब्द रूढ झाला आहे.

श्रावकापुढे येथे खरा पेच उभा राहतो. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे दस्तऐवज करणे, हा एक आहे. पण दुसऱ्याचे गुपित उघड करणे, म्हणजे रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेद, हेही अतिचारच आहेत. मग बोलावे की न बोलावे? याचे उत्तर हेतूमध्ये आहे. द्वेषापोटी कोणाचे खासगी वर्तन चव्हाट्यावर मांडणे हे पैशुन्य होय. परंतु ज्या कपटाने ठेवीदाराची पुंजी बुडते वा रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो, ते कोणाचे खासगी गुपित राहत नाही. शिवाय पाप कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही प्रकारे घडते. जाणूनबुजून खोट्या ताळेबंदावर सही करणारा केवळ ‘हुकमाचा ताबेदार’ ठरत नाही.

मात्र सत्य बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळविणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. २००५ मध्ये लखीमपूर खेरी येथे पेट्रोलमधील भेसळीविरुद्ध उभे राहिलेले इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनीही प्राण गमावले.

यानंतर कायदा हळूहळू पुढे सरकला. २००४ च्या शासकीय ठरावाने अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे आले. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण त्याचा रोख लोकसेवकांवर आहे आणि तोही प्रत्यक्ष अंमलात आलेला नाही. खासगी क्षेत्रासाठी कंपनी कायदा २०१३ चे कलम १७७ महत्त्वाचे आहे. त्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या व अन्य विहित कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवावी लागते, तक्रारदाराचा छळ होऊ नये याची तजवीज करावी लागते आणि योग्य प्रसंगी त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचण्याची वाट द्यावी लागते.

बक्षिसाची तरतूद आपल्याकडे मर्यादित आहे. आतल्या माहितीवर होणाऱ्या शेअर व्यवहारांची खबर देणाऱ्यास सेबीने २०१९ मध्ये वसूल रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत, कमाल १ कोटी रुपये, देऊ केले. २०२१ मध्ये ही मर्यादा १० कोटी झाली. अमेरिकेत मात्र २०१० च्या कायद्याने १० लाख डॉलरहून अधिक दंडवसुली झाल्यास तिचा १० ते ३० टक्के वाटा खबर देणाऱ्यास मिळतो. रॅनबॅक्सी औषध कंपनीतील खोट्या चाचणी-नोंदी उघड करणारे दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये नोकरी सोडली. २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, तेव्हा जुन्या फसवणूकविरोधी कायद्यानुसार ठाकूर यांना ४ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. मध्ये आठ वर्षे गेली होती, हे विसरता येत नाही.

असे बक्षीस घेणे अपरिग्रहाला बाधक आहे काय? गमावलेल्या उपजीविकेची भरपाई म्हणून ते न्याय्य आहे. गरजेपलीकडचा भाग दानात घालण्याचा मार्ग श्रावकाला नेहमीच खुला आहे. मात्र लोभाने रचलेली खोटी तक्रार हा पुन्हा सत्यव्रताचाच भंग होय.

समाजातील कारखानदार, पतसंस्थांचे संचालक आणि संस्थांचे विश्वस्त यांनी कायद्याची सक्ती होण्याची वाट का पाहावी? कनिष्ठ सेवकाला निर्भयपणे बोलता येईल अशी एक खिडकी प्रत्येक पेढीत उघडी असावी. अभयदानाला आपल्या धर्मात मोठे स्थान आहे. सत्य सांगणाऱ्याला अभय देणे हाही त्याचाच एक प्रकार आहे.